रणांगणावरील शस्त्रवैद्य : डॉमिनिक लारे

गेल्या पावसाळ्यात आमच्या विद्यालयातील एक मुलगा ओल्या पायऱ्यांवरून घसरून पडला व त्याचे मनगट मोडले. त्यास घेऊन आम्ही गावातील रुग्णालयाच्या अपघात-विभागात गेलो. बाकावर आमच्या आधी कोणीही नव्हते. मुलाचे नाव नोंदले गेले, हाताखाली फळी बांधली गेली, आणि आता डॉक्टर येणार इतक्यात दाराशी एक टेम्पो थांबला. भातलावणी करताना सर्पदंश झालेल्या एका मजूर बाईस त्यातून उतरविले, आणि डॉक्टर, परिचारिका, शिपाई अशी सारी मंडळी तिच्याभोवती गोळा झाली. आमचा मुलगा पाऊण तास हात सावरीत बसून राहिला. तेवढ्यात कपाळावर लहानशी खोक पडलेले एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या मोटारीतून आले व आपण कोण, आपली ओळख कोणाकोणाशी, हे त्यांनी बऱ्याच मोठ्या आवाजात कळविले. परिचारिकाबाईंनी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, खोकेवर कापूस दाबून धरण्यास दिला, आणि आमच्या शेजारची बाकावरची जागा त्यांस दाखविली.

परत येताना मुलाने आम्हांस विचारले की, आपण आधी गेलो होतो, मग ती बाई आधी कशी? दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, परंतु त्याच्या मनात तो होता हे आम्हांस दिसत होते. ते मोटारवाले गृहस्थ एवढे मोठे असता त्यांस आपल्यासारखेच बाकावर का बसविले? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते उत्तर देण्यासाठी एका मनुष्याचे चरित्र सांगावे लागते. तो मनुष्य आमच्या देशातला नव्हे. तो फ्रान्सचा, आणि त्याचे सारे आयुष्य ज्या बादशहाच्या सेवेत गेले, त्या बादशहाचे नाव जगातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. त्या बादशहाच्या पाठोपाठ युरोपभर जखमी वेचीत हिंडलेल्या शस्त्रवैद्याचे नाव मात्र वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबाहेर आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

डॉमिनिक जाँ लारे याचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बोदेआँ नावाच्या लहानशा खेड्यात झाला. बाप चांभारकाम करणारा. लारे तेरा वर्षांचा असतानाच पोरका झाला, आणि त्याचा चुलता अलेक्सी, जो तुलूझ शहरात नावाजलेला शस्त्रवैद्य होता, त्याने पोरास आपल्याजवळ ठेवून घेतले. चुलत्याच्या हाताखाली हाडे बसविणे, जखमा बांधणे, प्रेत फाडून शरीररचना शिकणे, असे काही वर्षांचे शिक्षण झाल्यावर तो पॅरिसला गेला. १७८७ साली आरमारी शस्त्रवैद्य म्हणून एका जहाजावर त्याची नेमणूक झाली व तो न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. समुद्र त्यास मानवला नाही. बोट लागून तो बेजार झाला. परत आल्यावर पॅरिसच्या ओतेल द्यो या जुन्या धर्मार्थ रुग्णालयात देसो नावाच्या त्या काळच्या श्रेष्ठ शस्त्रवैद्याच्या हाताखाली त्याने काम केले. त्यानंतर राज्यक्रांती झाली, आणि १७९२ साली फ्रान्सचे ऑस्ट्रिया व प्रशिया यांच्याशी युद्ध जुंपले. लारे ऱ्हाइन नदीवरील फौजेत रुजू झाला. त्याचे वय तेव्हा २५ वर्षांचे होते.

येथे त्या काळची रीत सांगणे अवश्य आहे, कारण तीवाचून लारेने काय केले हे ध्यानात येणार नाही. फौजेबरोबर फिरते इस्पितळ असे. त्यासच फ्रेंच लोक अँब्युलन्स म्हणत. तो शब्द अजून गाडीचे नाव झाला नव्हता. परंतु नियम असा होता की, हे इस्पितळ लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे आपल्याकडील सुमारे दीड कोस, मागे ठेवावे. त्याचे सामान अवजड गाड्यांत भरलेले असे. त्या गाड्या रस्त्यात रुतत व एकमेकींची वाट अडवीत. लढाई चालू असेपर्यंत जखमींस हात लावावयाचा नाही. ती संपली व आपला पक्ष जिंकला, तर मग शस्त्रवैद्यांनी पुढे जावयाचे. त्यास चोवीस ते छत्तीस तास सहज लागत. आपला पक्ष हरला तर जखमी मागेच राहत. ते शत्रूच्या हाती, नाहीतर देवाच्या हाती. ज्याच्या मांडीची शीर तुटली आहे त्यास चोवीस तास म्हणजे काय, हे आम्ही निराळे सांगावयास नको. आणि मदत आलीच तर ती आधी कोणास मिळे? ज्याचा हुद्दा मोठा त्यास; ज्याचे मित्र त्यास उचलून आणण्यास समर्थ त्यास. सामान्य शिपाई चिखलात पडून असे.

पहिल्याच मोहिमेत फ्रेंच फौजेस एके ठिकाणी घाईने माघार घ्यावी लागली, आणि आपले जखमी शत्रूच्या हाती टाकून येण्याचा प्रसंग लारेवर आला. ती गोष्ट त्याच्या मनास फार लागली. त्याच मोहिमेत त्याने घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा मैदानात वाऱ्यासारख्या इकडून तिकडे धावताना पाहिल्या होत्या. त्या तोफखान्यास फ्रेंच लोक उडता तोफखाना म्हणत. लारेच्या मनात आले की, माणसे मारणारी तोफ जर इतक्या वेगाने हवी तेथे जाऊ शकते, तर माणसे वाचविणारा वैद्य का जाऊ शकू नये? ही कल्पना इतकी साधी आहे की, ती आधी कोणास सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. पण ज्या गोष्टी साध्या असतात त्या सुचण्यास बहुधा कोणाचे तरी मन आधी पोळावे लागते.

प्रथम त्याने घोड्यांच्या पाठीवर दोहो बाजूंस टोपल्या बांधून जखमी आणण्याचा विचार केला. तो साधेना, तेव्हा सोडून दिला. मग त्याने स्प्रिंगांवर टांगलेल्या हलक्या गाड्या तयार करविल्या. सेनापती क्यूस्तीन याने त्यास परवानगी दिली, आणि अशा रीतीने उडत्या रुग्णवाहिका जन्मास आल्या. त्यांची पूर्ण घडी पुढे १७९७ साली इटलीच्या मोहिमेत बसली. नेपोलियन तेव्हा तरुण सेनापती होता, आणि या माणसाची योग्यता त्याने तेथेच ओळखली. लारेने तेथे सुमारे ३४० माणसांचे एक दल उभारले व त्याचे तीन विभाग केले. प्रत्येक विभागास बारा हलक्या व चार मोठ्या गाड्या. हलकी गाडी दोन चाकांची व दोन घोड्यांची. तीत दोन जखमी पाय पसरून निजू शकत. मोठी गाडी चार चाकांची. तीत चौघांची सोय. गाडीच्या कडेस हवेसाठी लहान खिडक्या. आत घोड्याच्या केसांची गादी घातलेली चौकट, आणि तिला खाली लहान चाके, म्हणजे जखमी माणसास न हलविता ती सरळ बाहेर ओढता यावी. आज आपल्याकडील रुग्णवाहिकेचे मागचे दार उघडले की जी चाकांची खाट बाहेर सरकते, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. गाडीबरोबर शस्त्रवैद्य व त्यांचे मदतनीस घोड्यांवर बसून जात. खोगिरास पट्ट्या, शस्त्रे व औषधे यांच्या पिशव्या टांगलेल्या असत. लढाई चालू असतानाच ते तोफेच्या टप्प्यात शिरत, जागच्या जागी रक्त थांबवीत, आणि मग जखमीस मागे नेत.

लारेचाच समकालीन पर्सी नावाचा दुसरा एक थोर शस्त्रवैद्य होता. त्यानेही आपल्या परीने अशीच खटपट केली. जखमी उचलणाऱ्या स्ट्रेचरवाल्यांचे शिस्तबद्ध पथक ही त्याची देणगी. लारेचे गुण गाताना पर्सीस विसरणे न्याय्य होणार नाही. लारेने मात्र आपल्या आठवणींच्या ग्रंथांत स्वतःची कामगिरी सांगताना लेखणीस हात आखडता घेऊ दिलेला नाही. माणूस थोर असला म्हणजे त्यास मानाची हाव नसतेच असे नाही.

पण गाडी हे लारेच्या कामाचे अर्धेच अंग झाले. दुसरे अंग डोळ्यांस दिसत नाही, आणि आमच्या मते तेच मोठे आहे. गाड्या वेगाने जखमी आणू लागल्या म्हणजे एकाच वेळी शंभर माणसे शस्त्रवैद्यापुढे येऊन पडतात. हात मात्र दोनच. तेथे क्रम कोणी ठरवावा? लारेने नियम घातला की, ज्याची जखम सर्वांत घातक त्यास प्रथम पाहावे. हुद्दा, कूळ, पदवी यांचा विचार करू नये. कमी जखमी झालेला सरदार असला तरी त्याने थांबावे. शत्रूचा जखमीही याच क्रमात येई. हे सारे त्याने लिहून ठेवले, आणि लिहिण्याच्या पुष्कळ आधीपासून तो तसे वागत आला होता. या निवडीस पुढे ट्रायाज हे नाव पडले. शब्द फ्रेंचच, आणि त्याचा अर्थ निवडून वेगळे करणे असा आहे. पण लारेच्या हयातीत तो जखमींस लावीत नव्हते. पहिल्या महायुद्धात तो रूढ झाला. आज मोठ्या अपघाताच्या वेळी रुग्णालयात लाल, पिवळ्या व हिरव्या रंगांच्या खुणांनी रोग्यांची जी विभागणी होते, तिच्या मुळाशी लारेचा हाच नियम आहे. सर्पदंशाच्या बाईस लाल खूण. आमच्या मुलाच्या मनगटास फार तर पिवळी. आणि त्या गृहस्थांच्या खोकेस हिरवी.

आम्ही मिशन शाळेत शिकलेले लोक. येरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेल्या माणसाचा दाखला आम्हांस लहानपणापासून पाठ आहे. त्या वाटेने गेलेल्या पहिल्या दोघांस दया नव्हती असे आम्हांस वाटत नाही. त्यांस कदाचित आपल्या दर्जाची व नियमांची आठवण अधिक होती. शोमरोनी मनुष्य मात्र जेथे जखमी पडला होता तेथे गेला, तेथेच त्याच्या जखमा बांधल्या, आणि मग आपल्या जनावरावर बसवून त्यास उतारशाळेत नेले. क्रम हाच होता: आधी जाणे, मग बांधणे, मग नेणे. लारेच्या दलाचा क्रम याहून निराळा नव्हता.

१७९८ साली नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली. वाळूत गाड्या चालेनात. तेव्हा लारेने उंटांच्या पाठीवर दोहो अंगांस पेट्या बांधविल्या, ज्यांत जखमी माणूस लांब निजू शके. याच स्वारीत त्याच्या असे पाहण्यात आले की, ज्या जखमांत किडे पडले त्या पुष्कळदा लवकर भरून आल्या. कारण किडे फक्त सडलेले मांस खातात व जिवंत मांसास धक्का लावीत नाहीत. शिपाई किळसून ओरडत; लारे त्यांची समजूत घाली. फौज हरल्यावरही तो तेथेच राहिला व १८०१ साली आपल्या रोग्यांबरोबर परतला. नेपोलियन त्याच्या दोन वर्षे आधीच निघून गेला होता.

त्याच्या शस्त्रक्रियेविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. ईथरचा प्रयोग जाहीरपणे यशस्वी झाला तो १८४६ साली. जंतूंची कल्पनाही नव्हती. तोफेच्या गोळ्याने चिरडलेला पाय सडू लागला की माणूस जाई. काही विद्वानांचे मत असे की, पाय कापावयाचा तर काही आठवडे थांबून, ताप व सूज उतरल्यावर कापावा. लारेचा अनुभव उलट होता. चोवीस तासांच्या आत, अंग अजून बधिर असता, कापलेला माणूस जगतो. थांबवून ठेवलेला बहुधा सूज उतरण्याची वाट पाहातच मरतो. म्हणून तो घाई करी, आणि त्याचा हात विलक्षण चपळ होता. बोरोदिनोच्या लढाईत, ७ सप्टेंबर १८१२ रोजी व त्या रात्री, चोवीस तासांत त्याने सुमारे दोनशे हातपाय कापले. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण त्या दोनशेंतील प्रत्येकजण कोणाचा तरी मुलगा होता, आणि न कापता त्यांतील बहुतेक गेले असते, हेही लक्षात ठेविले पाहिजे. आजचे डॉक्टर अपघातानंतरच्या पहिल्या तासास सुवर्ण तास म्हणतात. तास आता लहान झाला आहे. घाईचे कारण तेच.

८ फेब्रुवारी १८०७ रोजी एलाऊ येथे बर्फात लढाई झाली. थंडी इतकी की मदतनिसांच्या हातांतून शस्त्रे गळून पडत. रशियन घोडेस्वार जवळ येऊन ठेपल्याची हूल उठली, आणि ज्यांस चालता येत होते असे जखमी उठून पळू लागले. लारे ज्या माणसावर शस्त्रक्रिया करीत होता ती त्याने पुरी केली, आणि आपण कोणासही सोडून जाणार नाही असे सर्वांस सांगितले. तो गेला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. लष्करी नियम त्याच्याच बाजूचा होता.

१८०९ च्या मे महिन्यात आस्पर्नच्या लढाईत मार्शल लान याचा पाय लारेनेच कापला. लान हा नेपोलियनचा जिवलग. तरी तो वाचला नाही. त्याच लढाईत डॅन्यूब नदीस पूर आला, पूल वाहून गेला, आणि हजारो जखमी लोबाऊ बेटावर अडकून पडले. अन्न नव्हते. लारेने घोडे मारविले, घोडेस्वारांची पोलादी चिलखते पातेल्यांसारखी चुलीवर चढविली, आणि मिठाच्या ऐवजी बंदुकीची दारू टाकून घोड्याच्या मांसाचा रस्सा शिजविला. त्याच वर्षीच्या वाग्रामच्या लढाईनंतर त्यास बॅरन ही पदवी मिळाली. चांभाराच्या पोराने ती भूषणासारखी मिरविली हे खरे. आम्हांस तो रस्सा पदवीहून अधिक आठवतो.

रशियातून परतताना जे झाले ते सर्वश्रुत आहे. तेथे लारेच्या गाड्यांचा काही उपाय चालला नाही. घोडे मेले, गाड्या जाळल्या गेल्या, आणि जखमी वाटेवर गोठले. त्याच्या साऱ्या योजनेचा तो पराभव होता, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. कितीही चांगली गाडी असो, धन्याने सहा लाख माणसे बर्फात नेऊन घातली तर ती गाडी काय करणार? बेरेझिना नदीच्या पुलावर नोव्हेंबर १८१२ मध्ये जीव घेऊन पळणाऱ्यांची चेंगराचेंगरी चालली होती. लारे पार झाला होता, परंतु शस्त्रांच्या पेट्या मागे राहिल्या म्हणून तो परत गेला आणि गर्दीत सापडला. आता चिरडून मरणार इतक्यात शिपायांनी त्यास ओळखले. ज्या गर्दीत सेनाधिकाऱ्यांसही कोणी वाट देत नव्हते, त्या गर्दीने लारेस डोक्यांवरून हातोहात पुढे देत पलीकडे पोहोचविले. ज्यांस त्याने हुद्दा न विचारता आधी पाहिले, त्यांनी त्यास या दिवशी आधी पार केले.

परंतु आम्हांस विचाराल तर लारेची खरी परीक्षा रणांगणावर झालीच नाही. ती पुढील वर्षी, १८१३ च्या उन्हाळ्यात, जर्मनीत झाली, आणि तीत शस्त्राचे काम नव्हते.

रशियात फौज बुडाल्यामुळे नेपोलियनने नवी फौज उभी केली. तीत कोवळी पोरे भरली होती, ज्यांनी काही आठवड्यांपूर्वीपर्यंत बंदूक हाती धरली नव्हती. ल्यूत्सेन व बाउत्सेन येथे मे महिन्यात दोन लढाया झाल्या, आणि नंतर असे दिसून आले की, शेकडो नव्हे, हजारो शिपायांच्या बोटांस व तळहातांस जखमा आहेत. सेनाधिकाऱ्यांनी बादशहाच्या कानात घातले की, लढाईस भ्याले म्हणून या पोरांनी आपलेच हात जाणूनबुजून गोळी घालून निकामी केले आहेत. नेपोलियन संतापला. काहींस सर्वांदेखत गोळ्या घालून इतरांस दहशत बसवावी असा विचार पक्का होत चालला.

लारेने सांगितले की, हे खरे नसावे. जखम पाहून ती स्वतः केलेली की दुसऱ्याने केलेली हे निश्चित सांगता येत नाही, असेही त्याचे मत होते. बादशहास ते रुचले नाही. तेव्हा लारेच्या अध्यक्षतेखाली शस्त्रवैद्यांचे एक मंडळ नेमले गेले व चौकशीस आरंभ झाला. दरबारातील मंडळींनी लारेस गुपचूप सुचविले की, बादशहाच्या मनात काय आहे ते ध्यानात घ्या. आपली बढती, आपले वजन यांचा विचार करा. लारेने एकेका शिपायास बोलावले, एकेकाचा हात पाहिला, आणि तो कोठे उभा होता हे विचारून घेतले. असे २,६३२ हात तपासले गेले. कारण सापडले ते अगदी साधे होते. पोरे तीन रांगांत उभी राहून गोळ्या झाडीत. मागच्या रांगेतील नवशिक्यांच्या बंदुकांपुढे पुढच्या रांगेतील मुलांचे उंचावलेले हात येत. शिवाय फौजेस चढावर लढावे लागले होते, आणि वरून येणारी शत्रूची गोळी सर्वांआधी बंदूक धरलेल्या हातास लागे. त्या २,६३२ जणांत एकही अपराधी नाही, असा निकाल मंडळाने दिला.

तो कागद घेऊन लारे बादशहापुढे गेला, तेव्हा आपली नोकरी संपली अशीच त्याची समजूत असावी. नेपोलियनने कागद वाचला. काही वेळ येरझारा घातल्या. आणि मग जे केले ते त्याच्या मोठेपणास शोभणारे होते. आपल्यास खरे सांगणारा माणूस लाभल्याबद्दल त्याने समाधान व्यक्त केले, आणि त्याच रात्री हिरेजडित चौकटीतील आपली तसबीर, सहा हजार फ्रँक रोख व तीन हजार फ्रँकांचे सालीना पेन्शन लारेकडे पाठविले. आम्ही नेपोलियनचे भक्त नाही. लाखो माणसांस जखमा करविणाऱ्या बादशहाने त्या बांधणाऱ्यास बक्षीस द्यावे, यात एक क्रूर विनोद आहे, आणि लारेस तो कधी दिसला होता की काय, हे त्याच्या ग्रंथांवरून कळत नाही. त्याची स्वामिनिष्ठा शेवटपर्यंत अढळ होती. आम्हांस ती कळते, पण पूर्णपणे पटत नाही. तथापि त्या दिवशी स्वामीपेक्षा मोठे असे काहीतरी त्याने मानले, यात शंका नाही. आणि रणांगणावर जो हुद्दा पाहात नसे त्याने चौकशीच्या खोलीतही तो पाहिला नाही.

वॉटर्लू येथे, १८ जून १८१५ रोजी, तो पुन्हा जखमींमध्ये होता. पळापळीत प्रशियन घोडेस्वारांनी त्यास तलवारीने घायाळ करून पकडले व लुबाडले. अंगावरील करड्या कोटामुळे प्रथम त्यांस तो नेपोलियनच वाटला. तो नव्हे असे कळताच रागाने त्यास गोळी घालण्याचे ठरले. डोळे बांधण्यास पुढे आलेल्या प्रशियन शस्त्रवैद्याने त्याचा चेहरा पाहिला आणि तो थबकला. लारेने काही वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये दिलेली व्याख्याने त्याने ऐकली होती. त्याने वरिष्ठांस कळविले, आणि लारेस सेनापती ब्ल्यूखर याच्यापुढे नेण्यात आले. ब्ल्यूखरचा मुलगा पूर्वी एका लढाईत जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती पडला असता, शत्रूचा म्हणून टाकून न देता लारेनेच त्यास बरे केले होते. ब्ल्यूखरने त्यास जेवू घातले, पैसे दिले, आणि सन्मानाने पोहोचते केले.

पुढील वर्षे फार काही सांगण्यासारखी नाहीत. नेपोलियन गेल्यावर नव्या राजवटीने त्याचे पेन्शन बंद केले. ते १८१८ साली परत मिळाले. पॅरिसमधील ग्रो-कायू लष्करी रुग्णालयात तो काम करीत राहिला, ग्रंथ लिहिले, विद्यार्थी शिकविले. नेपोलियनने सेंट हेलेना बेटावर केलेल्या मृत्युपत्रात लारेस एक लाख फ्रँक ठेविले व आपण पाहिलेल्या माणसांत याहून सद्गुणी कोणी नव्हता अशा अर्थाचा अभिप्राय लिहिला. लारेची पत्नी एलिझाबेथ चित्रकार होती. मुलगा इपोलित हाही बापाच्याच पावलावर पाऊल टाकून शस्त्रवैद्य झाला. १८४२ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, लारे मुलास बरोबर घेऊन अल्जीरियातील लष्करी रुग्णालये तपासण्यास गेला. त्या उन्हात तो आजारी पडला, आणि परतताना २५ जुलै रोजी लियों शहरात त्याचा अंत झाला. त्याच्या थोडेच दिवस आधी इकडे त्याची पत्नी वारली होती.

फौजेतील ही रीत नागरी रुग्णालयांपर्यंत येण्यास आणखी काळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील डॉक्टरांनी तिचा उपयोग केला, आणि युद्ध संपल्यावर, १८६९ साली, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने शहरातील अपघातांसाठी घोड्यांच्या रुग्णवाहिका ठेविल्या. क्रमाचा नियम मात्र सर्वत्र निर्विघ्न टिकला नाही. पुढील महायुद्धांत, जो लवकर बरा होऊन पुन्हा लढू शकेल त्यासच आधी पाहावे, असेही मत काही फौजांत निघाले. आमच्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालापासून धावू लागली. तो क्रमांक फिरविणाऱ्यास, तुमचा हुद्दा काय, असे कोणी विचारीत नाही. काय झाले व कोठे, एवढेच विचारतात.

लारेची इच्छा होती की, पॅरिसमध्ये अपंग व वृद्ध शिपायांसाठी बांधलेल्या इन्व्हालिद या वास्तूत आपला देह ठेवला जावा. तेथे त्याने तरुणपणी काम केले होते. ती इच्छा तेव्हा पुरी झाली नाही व त्यास पेर लाशेज या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. पुढे दीडशे वर्षांनी, १९९२ साली, त्याच्या अस्थी तेथून काढून इन्व्हालिदमध्ये नेल्या. नेपोलियनची भव्य समाधी त्याच वास्तूत आहे.

आमच्या मुलाचे मनगट सहा आठवड्यांत बरे झाले. सर्पदंश झालेली ती बाई पाचव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली, असे परिचारिकाबाईंकडून आम्हांस कळले.